वेठ, हौस आणि चार तारा

१

आंबेडकरी जलशांवर, शाहिरीवर आणि भीमगीतांवर आपल्याकडे आता पुष्कळ लिहिले गेले आहे. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांची गायकी यांवर लेख आले, प्रबंध आले, चर्चासत्रे झाली. हे होणे आवश्यकच होते. ज्या गाण्याला प्रस्थापित समीक्षेने ‘प्रचारी’ म्हणून ओसरीवरही उभे केले नाही, त्या गाण्याची दखल आपणच घ्यायची होती आणि ती आपण घेतली. परंतु हे सगळे लेखन वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. ही सगळी समीक्षा शब्दांची समीक्षा आहे. गाण्यातला विद्रोह, गाण्यातली प्रतिमा, गाण्यातली बोली यांची चिकित्सा होते. पण ते गाणे कोणत्या वाद्यांवर वाजले, ती वाद्ये कोणाच्या हातात होती, त्या हातांनी दिवसभर काय काम केले होते, याविषयी चार ओळीही सापडत नाहीत. गाणे जणू कागदावरच झाले आणि कागदावरच संपले!

हा लेख म्हणून एका वाद्याविषयी आहे. तेही अशा वाद्याविषयी, की जे समोर बसलेल्या बहुतेकांना ऐकू येत असते, पण आपण ते ऐकतो आहोत हे त्यांना कळत नसते. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

मी व्यवसायाने शिक्षक. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, आमच्या तालुक्याच्या गावी वस्तीतल्या सहा पोरांनी एक वाद्यवृंद उभा केला. लोक त्याला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत. त्यात सुमारे वीस वर्षे मी बेस गिटार वाजवली. तेव्हा मी इथे जे मांडणार आहे ते केवळ ग्रंथांवरून नाही. तरीही हे आत्मकथन नव्हे. मला एक प्रश्न मांडायचा आहे. ज्यांच्या वाडवडिलांवर वाजवण्याची सक्ती होती, त्यांच्या मुलानातवंडांनी हौस म्हणून वाजवणे, याचा सांस्कृतिक अर्थ काय?

२

आधी वाद्याची ओळख करून दिली पाहिजे. बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात. साध्या गिटारच्या सहा तारांपैकी ज्या चार जाड तारा, त्याच सुरांच्या, पण एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. माणसाच्या कानाची ऐकण्याची सुरुवातच सुमारे २० कंपनांपाशी होते. म्हणजे हे वाद्य ऐकण्याच्या अगदी तळाशी उभे आहे.

वाद्य जुने नाही. त्याच्या आधी खर्जाची बाजू सांभाळत असे तो डबल बेस. तो माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घराण्यातला, एकट्याने ने-आण करायला अवघड आणि मोठ्या आवाजाच्या वाद्यवृंदात बुडून जाणारा. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन या गावी, लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने विजेवर चालणारा, गळ्यात अडकवता येणारा बेस बाजारात आणला. असे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण रूढ झाला तो हाच. सतारीला असतात तसे पडदे त्याने याच्या मानेवर बसवले. पडद्यावर बोट ठेवले की सूर नेमका लागतो, म्हणून त्याचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक.

या वाद्याला जात नाही. हे वाक्य मी भावनेच्या भरात लिहीत नाही. आपल्या देशात वाद्याला जात असते. हलगी मांगाची, संबळ गोंधळ्याचे, ढोल धनगराचा, आणि तंबोरा कोणाच्या दिवाणखान्यात हे सांगायला नको. तबला, मृदंग, ढोलकी यांचे कातडे कमावणारे हात एका जातीचे, आणि बैठकीत मानाने बसून त्यावर थाप मारणारे हात बहुधा दुसऱ्या जातीचे. दक्षिणेत मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर, त्यांतल्या दलित ख्रिस्ती घराण्यांवर, टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे त्या हातांची नावे वाचकांपुढे आली. बेस गिटारला कातडे नाही. लाकूड, पोलादाच्या तारा, लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढेच तिचे भांडवल. ती कोणत्याही बलुत्यात नोंदलेली नाही. तिच्यामागे कोणताही देव नाही, कोणताही मान नाही आणि कोणताही विटाळ नाही.

जात नाही म्हणजे वर्ग नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे हे वाद्य आले ते मुंबईची हॉटेले, चित्रपटसंगीताचे स्टुडिओ आणि इंग्रजी गाणी गाणारी कॉलेजची पोरे यांच्या वाटेने. त्या स्टुडिओंमध्ये गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेले हे वादक. हजारो गाणी त्यांच्या हातांखालून गेली आणि पडद्यावर नाव लागले ते संगीतकाराचे. आमच्या वस्तीपर्यंत बेस गिटार पोहोचायला १९५१ पासून चाळीस वर्षे लागली, आणि तीही कोणीतरी वापरून टाकलेली.

३

आता वेठीविषयी.

माझे आजोबा हलगी वाजवत. वाजवत म्हणजे त्यांना वाजवावी लागे. गावात लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो की मयत असो, मांगवाड्यात निरोप यायचा आणि हातातले काम टाकून निघायचे. दोर वळता वळता निघायचे, जेवत्या ताटावरून निघायचे. काटक्या पेटवून हलगी शेकायची, कातडे ताणले की गळ्यात अडकवायची आणि वरातीच्या पुढे चालायचे. वरात मांडवात शिरली की आपण बाहेर थांबायचे. पंगती उठल्यावर जे मिळेल ते पदरात घ्यायचे. त्या वादनात कसब नव्हते असे नाही. माझ्या आजोबांच्या हातात लय होती असे म्हातारी माणसे सांगत. परंतु त्या कसबाचा मालक तो स्वतः नव्हता. ज्याला ‘आज वाजवणार नाही’ असे म्हणता येत नाही, त्याच्या वाजवण्याला कला म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. लोककलेच्या नावाने गहिवरणाऱ्या अभ्यासकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडण्याचा जो आग्रह धरला, त्याचा अर्थ आमच्या वडिलांच्या पिढीला नेमका कळला होता. १९२७ साली महाडला जे सुरू झाले ते केवळ पाण्यापुरते नव्हते. मेलेली ढोरे ओढणे, गावाची हरकामे करणे या सगळ्याला नकार देण्याची ती सुरुवात होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८च्या कायद्याने, पण सोडणाऱ्यांनी त्याआधीच सोडायला सुरुवात केली होती. वडिलांनी, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, १९५७ साली लग्नसराईत गावाला सांगितले, की आता वाजवणार नाही. त्या वर्षी आमचे बलुते बंद झाले. आजोबांची हलगी आढ्याला टांगली गेली ती पुन्हा खाली आली नाही. अण्णा गाव सोडून तालुक्याला कामाला लागले.

त्यामुळे १९९१ साली मी खांद्याला पट्टा अडकवून बेस गिटार घरात आणली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “वाजवायचं सोडलं तवा मी माणूस झालो. आन् तू पुन्ना गळ्यात वाद्य अडकवतोस?”

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आपल्या चळवळीतल्या कित्येक घरांत हा प्रश्न विचारला गेला असणार. नकार देणाऱ्या पिढीला संगीत म्हणजे गुलामीची खूण वाटत होती, आणि ते चूक नव्हते. जलशाने या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. त्याने तमाशाचा साचा घेतला, पण गण-गौळणीचा रोख बदलला, आणि ढोलकी-तुणतुण्याला मालकाच्या अंगणातून काढून सभेच्या व्यासपीठावर आणले. पण जलसा हे प्रबोधनाचे काम होते. तिथे वाजवण्याला कारण होते. निव्वळ आवडते म्हणून वाजवावे, या गोष्टीला आपल्याकडे जागा होती का?

४

‘हौशी’ हा शब्द मराठीत थोडा हलका मानला जातो. हौशी रंगभूमी, हौशी गायक असे म्हणताना ‘धंदेवाईक नव्हे, म्हणून कच्चे’ असा सूर असतो. ज्यांच्याकडे फावला वेळ आणि पोटाची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यासाठी हौस ही करमणूक असते. आपल्यासाठी तिचा अर्थ वेगळा आहे आणि तो मोठा आहे. वेठीचा विरुद्धार्थी शब्द मोबदला नव्हे, कारण मोबदला देऊनही माणसाला राबवता येते. वेठीचा खरा विरुद्धार्थी शब्द हौस आहे. हौशी वादक म्हणजे ज्याला कोणी निरोप पाठवून बोलावू शकत नाही असा वादक.

हे मला पुस्तकातून कळले नाही. स्पीकर, वायर, तारा यांचा खर्च भागावा म्हणून आम्ही अधूनमधून लग्नाच्या सुपाऱ्या घेत असू. १९९४ च्या उन्हाळ्यात एक सुपारी आली ती नेमकी आजोबांच्या गावची. एका बड्या शेतकऱ्याच्या घरचे लग्न. टेम्पोतून सामान उतरवत असताना घरातला एक वृद्ध माणूस आला. त्याने माझे आडनाव विचारले, थोडे डोळे बारीक केले आणि हसून म्हणाला, “आरं, तुज्या आज्यानं माज्या लग्नात हलगी वाजवलीया की! या, या. तिकडं गोठ्याच्या अंगाला बसा, वाजपाची जागा तीच हाय.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट ओळख पटल्याचा आनंद होता, आणि तोच अधिक लागला.

आमचा ढोलकीवाला पंचायत समितीत शिपाई, पेटीवाला टेलर, गायक रिक्षा चालवणारा, मी शिक्षक. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी भाषण केले नाही. सामान परत टेम्पोत चढवले, घेतलेला विसार मोजून परत दिला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणाचीही चूल विझणार नव्हती. आजोबांना जे करता आले नाही आणि अण्णांना जे करण्यासाठी गाव सोडावे लागले, ते आम्हाला दहा मिनिटांत करता आले, कारण आम्ही हौशी होतो.

ही गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. ते त्यावर काही बोलले नाहीत.

५

आता त्या वाद्यवृंदातल्या रोजच्या कामाविषयी. तालीम रात्री नऊनंतर समाजमंदिरात व्हायची, कारण त्याआधी कोणी मोकळा नसायचा. वाद्यांची वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाला गायचे होते, नाहीतर साधी गिटार हवी होती. बेस माझ्याकडे आली ती कोणालाच नको होती म्हणून. पुढे वाचताना कळले, की यात नवल काही नाही. इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात कामगारवस्त्यांतली पोरे चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून खर्ज वाजवत, आणि अशाच एका हौशी टोळक्यातून पुढे बीटल्स निघाले. १९६१ साली त्यांचा बेसवाला जेव्हा सोडून गेला, तेव्हा ते वाद्य पॉल मॅकार्टनीकडे आले तेही बाकीच्या दोघा गिटारवाल्यांना ते नको होते म्हणून. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतही कपडे धुण्याचे टब उपडे घालून, त्यावर एक दोरी आणि झाडूचा दांडा लावून खर्ज वाजवला जात असे. पैसा नसलेल्या माणसांनीसुद्धा खर्ज सोडला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो नसेल तर पाय हलत नाहीत.

नवशिक्या बेसवाल्याला पहिला धडा मिळतो तो असा : केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेवर षड्ज आणि पाचवीवर पंचम. एवढे केले तरी गाणे उभे राहते. अडचण पुढे येते. आमचा गायक पेटीच्या हिशेबाने बोलायचा. “काळी एक लाव,” म्हणायचा. काळी एकमध्ये बिलावल थाटाचे गाणे असेल, तर बेसच्या चारही मोकळ्या तारांपैकी एकही उपयोगी पडत नाही. प्रत्येक सूर बोटाने दाबूनच काढावा लागतो आणि रात्र संपेपर्यंत डाव्या हाताचा पंजा बधिर होतो. गायकाला मात्र याची खबरही नसते. दुसरी अडचण ढोलकीशी. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि बेसचा खर्ज हे दोघे जवळपास एकाच प्रदेशात राहतात. दोघेही एकाच वेळी बोलू लागले तर नुसता गलबला होतो. तेव्हा ढोलकी जिथे घुमते तिथे बेसने गप्प बसायचे आणि ढोलकी जिथे श्वास घेते तिथे बोलायचे. ही समज यायला आम्हाला दोन वर्षे लागली. ती समज म्हणजेच साथ.

आणि एवढे करून ऐकू काय येत असे? सुरुवातीची वर्षे आमच्याकडे बेससाठी वेगळा स्पीकर नव्हता. मंडपवाल्याच्या कर्ण्यांमधूनच सगळे वाजे. कर्णा भाषणासाठी केलेला, खर्ज त्याच्या तोंडातून बाहेरच पडत नाही. पण इथे विज्ञानाची एक गंमत आहे. मूळ खालचा सूर स्पीकरमधून आलाच नाही, तरी त्याच्यासोबतचे वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू तो सूर स्वतः भरून काढतो. म्हणजे जे बाहेर वाजलेच नाही ते श्रोता ऐकतो. छोट्या रेडिओवरही आपल्याला गाण्यातला बेस कळतो तो याच कारणाने.

६

इथे एका सोप्या रूपकाचा मोह होतो आणि तो मला मोडून काढायचा आहे. बेस खाली असते, सगळे गाणे तिच्यावर उभे असते, तिला कोणी पाहत नाही. तेव्हा ती म्हणजे आपला समाज, असे म्हणून टाळ्या घेता येतात. मीही एका जयंतीला व्यासपीठावरून असे बोललो होतो. आज ते बोलणे मला चुकीचे वाटते. खाली असण्याला आणि ओझे वाहण्याला थोर ठरवण्याचे काम आपले नाही. पायाचा दगड होण्याचा गौरव हा कळसावर बसलेल्यांनी शोधलेला गौरव आहे. पायातून जन्मला म्हणून पायाशी राहा, हे सांगणारा ग्रंथ आपण १९२७ साली महाडला जाळला आहे.

शिवाय ते रूपक संगीताच्या दृष्टीनेही खोटे आहे. बेस ओझे वाहत नाही. बेस अर्थ ठरवते. पेटीवर सा, ग आणि प हे तीन सूर एकदम दाबून ठेवा. त्याच्याखाली बेसने षड्ज लावला, तर ते स्वर प्रसन्न, स्थिर, घरी आल्यासारखे वाटतात. आता पेटीवाल्याने बोटे जराही हलवू नयेत. बेसने फक्त षड्ज सोडून खालचा शुद्ध धैवत लावावा. तेच तीन सूर एकदम उदास होतात. वर काहीही बदललेले नाही. खाली एक सूर सरकला आणि वरच्या तिघांचे नाव बदलले. ज्याला शंका असेल त्याने पेटीवर हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

तंबोऱ्याशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होईल. तंबोराही खालीच असतो, पण तो एकच षड्ज धरून बसतो. मैफल कितीही रंगली तरी आधार जागचा हलत नाही, आणि प्रत्येक सुराने आपली पायरी ओळखून त्याभोवती फिरायचे असते. त्या व्यवस्थेत सौंदर्य आहे हे मी नाकारत नाही. पण बेसच्या संगीतात आधारच चालतो. जमीन सरकते आणि वरच्यांना आपला अर्थ नव्याने लावावा लागतो. खालच्याने जागा बदलली की वरच्याची ओळख बदलते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. चळवळीचा अनुभव हाच आहे.

७

तरीही नावाचा प्रश्न उरतोच. आणि हा प्रश्न आपण आपल्याच लोकांना विचारला पाहिजे.

अमेरिकेत डेट्रॉईट शहरात १९५९ साली मोटाऊन ही ध्वनिमुद्रणाची कंपनी सुरू झाली. मालक बेरी गॉर्डी, काळा माणूस. गायक काळे. ही गोष्ट त्या समाजाच्या अभिमानाची होती आणि आहे. त्या कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवली ती जेम्स जेमर्सन याने. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिनातला. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो तार छेडत असे आणि वाद्याच्या तारा सहसा बदलतच नसे. बेस म्हणजे पहिल्या मात्रेवर षड्ज नि पाचवीवर पंचम, एवढीच समजूत असताना त्याने खर्जाला चाल दिली, वळणे दिली, बोलते केले. जगभरातल्या बेसवाल्यांनी त्याची नक्कल केली, पण त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. कारण तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची त्या कंपनीत पद्धत नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती पहिल्यांदा छापली गेली. पुढच्याच वर्षी कंपनी डेट्रॉईट सोडून लॉस एंजेलिसला गेली. १९८३ साली जेमर्सन वारला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. मोठे सन्मान आले ते मरणानंतर.

लक्षात घेण्याची गोष्ट ही, की हे गोऱ्यांनी केलेले नाही. कंपनी आपल्या माणसाची होती. मुक्तीचा आवाज विकणाऱ्या घरातही खाली वाजवणारा निनावी राहू शकतो.

आता आपल्या जयंतीच्या पत्रिका काढून पाहा. गायकाचे नाव ठळक, फोटोसह. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सौजन्य, मंडपवाल्याचे नावसुद्धा. वादकांसाठी तीन शब्द : ‘आणि त्यांचे सहकारी’. मी अशा शेकडो पत्रिकांमध्ये वीस वर्षे ‘सहकारी’ होतो. ज्या चळवळीने माणसाला नाव दिले, गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘कोण आहेस’ हे विचारण्याऐवजी ‘मी अमुक आहे’ असे सांगायला शिकवले, तिच्या पत्रिकेत हे घडावे याचा खेद वाटला पाहिजे. आणि केवळ शब्दांची चिकित्सा करणारी आपली समीक्षा या निनावीपणाला हातभार लावत आली आहे, हेही कबूल केले पाहिजे.

याचे आणखी एक उदाहरण देतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, बाणा घेतला, त्यांच्या साहित्याविषयी लिहिले. पण त्या पक्षाचा स्वतःचा वाद्यवृंद होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? १९७० साली पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यांनी ‘द लम्पेन’ या नावाने तो उभा केला. पक्षाच्या वृत्तपत्राचे काम करणारेच तिथे गायचे. पक्षाच्या सभांना जमलेली पोरे त्यांच्या गाण्यावर नाचत. शब्द समुद्र ओलांडून आले, ताल मात्र बंदरावरच राहिला.

उलट तमिळनाडूत वेगळे घडले. पराईसारखे वाद्य, जे मयताच्या वेठीमुळे तिथल्या अनेक दलितांनी टाकून दिले होते, ते पुढच्या पिढीने अभिमानाने परत उचलले. २०१८च्या जानेवारीत चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद लोकांसमोर आला. अयोत्तीदास पंडितांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या विचारातून त्याचे नाव आले. त्यात वस्तीतले गाना गाणारे आणि विजेची गिटार वाजवणारे एकाच व्यासपीठावर उभे राहिले. टाकलेले वाद्य आणि जात नसलेले वाद्य एकत्र आले. आपल्या आढ्यावर टांगलेल्या हलगीला आणि कोपऱ्यात उभ्या बेसला असे एकत्र आणण्याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

८

आज आमचा वाद्यवृंद नाही. ढोलकीवाला वारला, गायकाचा आवाज गेला, मी थांबलो. पण वस्तीतले वाद्यवृंद बंद पडत आहेत ते केवळ म्हातारपणामुळे नाही. डीजेच्या भिंती आल्या. तिथेही ‘बेस’ आहे, किंबहुना तिथे बेसच आहे. पण ती छातीवर बसणारा धक्का आहे, सूर नव्हे. मी इथे सवर्ण वस्त्यांच्या तक्रारीत तक्रार मिसळणार नाही. त्यांना गणपतीची मिरवणूक हा उत्सव वाटतो आणि चौदा एप्रिलची मिरवणूक तेवढी कर्कश वाटते. त्यांचे कान कुठे दुखतात हे आपल्याला माहीत आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. भाड्याने आणलेली भिंत वाजते तेव्हा वस्तीतला कोणीही वाजवत नसतो. सहा पोरांनी रात्री नऊनंतर एकत्र बसायचे, एकमेकांसाठी थांबायचे, कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे हे शिकायचे, हे सगळे एका बटणात संपते. आपण वेठीतून सुटलो, हौस कमावली आणि आता ती ठेकेदाराला देऊन टाकतो आहोत.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पत्रिकेवर प्रत्येक वादकाचे नाव, वाद्यासह, छापावे. भिंतीच्या भाड्याचा एक हिस्सा बाजूला काढून समाजमंदिरात वाद्ये घ्यावीत आणि ती पोरापोरींच्या हाती द्यावीत. पोरींच्या मुद्दाम, कारण आमच्या सहा जणांत एकही मुलगी नव्हती आणि त्याचे आम्हाला तेव्हा काही वाटले नाही. आणि आपल्या नियतकालिकांतून गाण्याची समीक्षा करणाऱ्याने शब्द वाचून झाल्यावर एकदा डोळे मिटून खालचा सूर ऐकावा आणि मग लिहावे.

अण्णांचे सांगायचे राहिले. त्या लग्नातून आम्ही परतलो त्याच्या पुढच्या वर्षी, १९९५च्या जयंतीला, ते पहिल्यांदा कार्यक्रमाला आले. शेवटच्या रांगेत बसले. मध्येच माझी वायर निघाली आणि दोन कडवी मी नुसताच उभा होतो. घरी आल्यावर मी विचारले, “अण्णा, कसं वाटलं?” ते म्हणाले, “तुजं काय वाजतंय ते मला काय उमगंना. पर मधी तू थांबलास न्हवं, तवा गाणं पोकळ झालं.”

त्यांनी १९५७ साली विचारपूर्वक वाजवणे थांबवले होते, तेव्हा गावाची लग्ने अशीच पोकळ झाली असतील. थांबण्याचा अधिकार त्यांनी मिळवला, म्हणून वाजवण्याची हौस मला करता आली. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे मला त्या रात्री समजले. पुढच्या पिढीला ते समजावे, एवढ्यासाठी हा लेख.